पुसलेली फाइल भाच्याला सापडली

"मावशी, आजीच्या लॉकरची किल्ली खरंच गव्हाच्या डब्यात असते का गं?"

भाच्याचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. आधी गॅस बंद केला. किल्ली गव्हाच्या डब्यात असते हे आईला, बहिणीला आणि मला, एवढ्या तिघींनाच माहीत होतं. चौथी नोंद एका फाइलीत होती आणि ती फाइल मी सहा वर्षं जीपीजी नावाच्या साधनाने एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, ठेवत आले होते. (किल्ली आता तिथे नाही. कुणी गहू उपसू नये.)

"तुला कसं कळलं?"

"तुझ्या जुन्या लॅपटॉपवर फोटोरेक चालवून बघितलं, सहज. थांब, स्क्रीनशॉट पाठवतो."

"पाठवू नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की आतल्या खोलीतून आईने विचारलं, काय पडलं?

लॅपटॉप मीच त्याला दिला होता. कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लिनक्सवर हात बसवायचा होता. देताना माझ्या सगळ्या फाइली काढल्या, कचरापेटी रिकामी केली, वर नवी उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार, टाकली. पण डिस्क पाचशे जीबीची आणि नवी सिस्टीम घेते पंधरावीस जीबी. उरलेल्या जागेत माझा जुना संसार जिथल्या तिथे होता. फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत मिळवणारं साधन. ते फाइलींची नावं बघतच नाही, डिस्कवरचे तुकडे वाचून त्यातून फाइली जुळवतं. त्यामुळे नावं गेली होती, 'एफ' आणि पुढे सातआठ आकडे एवढंच उरलं होतं, पण आतला मजकूर शाबूत. त्याने मोजून सांगितलं, एकाच फाइलीच्या चौदा आवृत्त्या. एकीत २०१९ साली मुदत संपलेली ठेव, दुसरीत आईच्या पेन्शनच्या खात्याचा नवा नंबर, तिसरीत तो गव्हाचा डबा.

ही फाइल वडील गेल्यावर केली होती. त्यांची पोस्टातली मासिक प्राप्ती, दोन बँका, एलआयसी, डिमॅट, कुठे काय आहे हे हुडकण्यात आमचे चार महिने गेले. तेव्हाच ठरवलं की आईचं आणि माझं सगळं एका जागी लिहून ठेवायचं. नाव साधंच, 'घर'. खाते क्रमांक, नॉमिनी, पासवर्ड, कुठला कागद कुठल्या कप्प्यात. जीपीजी माझ्या परिचयाचं होतं. कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत मी वीस वर्षं आहे, आणि हे साधन १९९९ साली पहिली पक्की आवृत्ती निघाल्यापासून टिकून आहे. एईएस २५६ ही एन्क्रिप्शनची भक्कम पद्धत, आणि पासवर्डाच्या जागी लांबलचक पासफ्रेज. कुलुपाबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

शंका घ्यायला हवी होती ती माझ्या हाताबद्दल. वर्षातून पाचसहा वेळा त्या फाइलीत काहीतरी बदलायचं असे. मी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडायचे, फाइल उलगडायचे, डेस्कटॉपवर 'घर' ही साधी फाइल यायची. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दोन ओळी बदलायच्या, जतन करायची, परत एन्क्रिप्ट करायची, साधी फाइल कचरापेटीत टाकायची, कचरापेटी रिकामी. तिजोरी भक्कम, पण दागिने मोजायला दर वेळी अंगणात मांडायचे, अशातला प्रकार.

लाज वाटण्याचं कारण वेगळंच. फाइल पुसली म्हणजे अनुक्रमणिकेतली नोंद जाते, मजकूर जागा दुसऱ्या कशाने भरेपर्यंत तसाच राहतो, हे मी स्वतः मुलांना समजावून सांगत आले आहे. तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास असतो. घरी मात्र कचरापेटी रिकामी झाल्याचा तो कागद चुरगळल्यासारखा आवाज आला की मी निर्धास्त.

एक गोष्ट तर मला माहीतच नव्हती. चौदा आवृत्त्या म्हणजे मी चौदा वेळा पुसलं असं नव्हे. माझ्या त्या एडिटरमध्ये 'जतन करण्यापूर्वी प्रत ठेवा' ही खूण चालू होती. दर वेळी फाइलीच्या नावापुढे नागमोडी रेघ लावून जुनी प्रत शेजारी तयार व्हायची. शिवाय बरेच एडिटर जुन्या फाइलीवर लिहितच नाहीत. नवी फाइल लिहून तिला जुन्याचं नाव देतात आणि जुनी सोडून देतात. एका दुपारी तीन वेळा 'सेव्ह' दाबलं तर डिस्कवर तीन वेगवेगळ्या जागी तीन 'घर'.

भाच्याला सांगितलं, लॅपटॉप बंद कर आणि शनिवारी घेऊन ये. तोवर मी नव्या लॅपटॉपवर तपास सुरू केला. एक विचित्र शब्द घ्यायचा, जो आजवर कुणी लिहिला नसेल, तो एन्क्रिप्टेड फाइलीत घालायचा, नेहमीसारखं संपादन करायचं आणि मग अख्ख्या डिस्कवर तो शब्द शोधायचा. मी शब्द घेतला 'गुळपापडीबेचाळीस'. खरा खाते नंबर शोधायचा मोह होतो, पण तो टर्मिनलमध्ये टाइप केला की कमांडच्या इतिहासात जाऊन बसतो, म्हणजे गळती शोधताना नवी गळती.

पहिल्याच शोधात काहीही सापडलं नाही. मी खूश. चहा केला. अर्धा कप संपला आणि ट्यूब पेटली. मी 'स्ट्रिंग्ज' नावाचं साधन वापरलं होतं, जे कुठल्याही कचऱ्यातून वाचण्याजोगी अक्षरं वेचून काढतं. पण मुद्दाम सांगितलं नाही तर त्याच्या लेखी वाचण्याजोगं म्हणजे फक्त इंग्रजी कीबोर्डवरचं. आपलं देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणक अक्षरं ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, तीन बाइटचं होतं. 'ग' म्हणजे ई०, ए४, ९७. तिन्ही त्याच्या मते कचरा. इंग्रजी लेख वाचून कुणी हा तपास केला आणि फाइल मराठीत असली तर तो असाच चहा पीत समाधानी राहील. मग 'ग्रेप' या शब्द शोधणाऱ्या साधनाला सांगितलं की समोर येईल ते मजकूर म्हणूनच वाच. त्याने पटापट ठिकाणं दाखवायला सुरुवात केली.

नव्या लॅपटॉपवर आल्यापासून मी जुना एडिटर सोडून विम हा एडिटर वापरत होते, तो सुरक्षित असेल म्हणून. विम बिचारा फार काळजीवाहू. वीज गेली तर आपलं लिखाण बुडू नये म्हणून दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की मजकूर स्वॅप फाइलीत उतरवून ठेवतो. नावाच्या आधी टिंब, शेवटी एसडब्ल्यूपी. बाहेर पडताना ती पुसतो, पण तेही आपल्या कचरापेटीइतकंच पुसणं. 'गुळपापडीबेचाळीस' पहिल्यांदा मिळाला तो तिथल्या अवशेषांत.

दुसरी जागा बघून मात्र घसा कोरडा पडला. विम आपल्या घरच्या फोल्डरमध्ये 'विमइन्फो' नावाची एक लपलेली फाइल ठेवतो. शेवटी काय कॉपी केलं, काय शोधलं हे पुढच्या वेळी आठवावं म्हणून. ती अवशेष वगैरे काही नाही, उघड जिवंत फाइल. मी ती सहज वाचायला घेतली. शोधलेल्या शब्दांच्या यादीत 'लॉकर'. त्याखाली रजिस्टरमध्ये, म्हणजे कॉपी केलेलं ठेवण्याच्या कप्प्यात, आईच्या पेन्शनच्या खात्याची ओळ, नंबर, शाखा, आयएफएससीसकट. गेल्या महिन्यात ती ओळ मी एका जागेवरून दुसरीकडे हलवली होती. एवढंच केलं होतं. पूर्ण मजकूर जपायचा नाही म्हटलं तरी प्रत्येक रजिस्टरच्या पन्नास ओळींपर्यंत तो लक्षात ठेवतो. माझी अख्खी फाइल सत्तर ओळींची.

आता पुढचं ऐकून हसाल. मी त्याच आठवड्यात ती फाइल गमावली.

संपादनात साधी प्रत तयारच होऊ द्यायची नाही, सगळं पाइपमधून करायचं, म्हणजे एका प्रोग्रामचा मजकूर थेट दुसऱ्याच्या हातात द्यायचा, असं ठरवलं. बँकेचा एक फोन नंबर बदलायचा होता. जीपीजी उलगडणार, मजकूर पाइपमधून 'सेड' या शब्द बदलणाऱ्या साधनाकडे जाणार, सेड नंबर बदलणार, पुढचं जीपीजी पुन्हा एन्क्रिप्ट करणार आणि ते त्याच नावाच्या फाइलीत लिहिलं जाणार. कमांड लिहून झाल्यावर मला स्वतःचं कौतुकसुद्धा वाटलं. पण कमांड चालवणारं शेल काय करतं, तर 'या फाइलीत लिही' हे वाचल्याबरोबर आधी ती फाइल रिकामी करून ठेवतं, बाकीचं नंतर. पहिल्या जीपीजीने दार उघडलं तेव्हा आत काहीच नव्हतं. त्याने तशी तक्रारही केली. दुसऱ्याने मात्र इमानदारीत पासफ्रेज मागितली आणि शून्य मजकुराला नेटकं कुलूप घालून दिलं.

पेन ड्राइव्हवरची प्रत तीन महिन्यांपूर्वीची होती. मधल्या काळातली एकच महत्त्वाची नोंद होती, आईच्या पेन्शनच्या खात्याची. ती कुठे मिळाली असेल? विमइन्फोमध्ये. ज्याच्या नावाने चार दिवस बोटं मोडत होते त्यानेच हात दिला. ओळ परत 'घर'मध्ये नेली आणि मग विमइन्फो पुसली. तेव्हापासून नवी फाइल वेगळ्या नावाने लिहायची, उघडून बघायची आणि मगच जुनीच्या जागी ठेवायची.

पाइपचा नाद एवढ्यावर सुटला नाही. विमला स्वॅप फाइल नको, विमइन्फो नको असं बजावून सुरू करायचं, उलगडलेला मजकूर थेट त्याच्या ताटात वाढायचा, आणि लिहून झाल्यावर विममधूनच जीपीजीकडे पाठवायचा. फाइलीला नावच नाही, तर जतन कुठे होणार? दोनदा ठीक झालं. तिसऱ्यांदा बोटांनी सवयीने 'जतन कर' आणि पुढे 'घर' असं टाइप केलं. झाली साधी फाइल तयार. वीस वर्षांची सवय वीस मिनिटांत जात नाही.

शनिवारी भाचा आला. त्याने बघून म्हटलं, "पण टेम्प फोल्डरवर पहारा ठेवलास का?" टेम्प म्हणजे प्रोग्राम आपल्या तात्पुरत्या फाइली ठेवतात ती जागा. मला हे सुचलंच नव्हतं. आयनोटिफायवेट नावाचं एक छोटं साधन आहे, कुठल्या फोल्डरमध्ये कोणती फाइल जन्मली, बदलली, मेली हे ओळीओळीने सांगत बसतं. एका खिडकीत ते लावलं, दुसऱ्या खिडकीत मी विममधून मजकूर जीपीजीकडे पाठवला. पहिल्या खिडकीत 'व्ही' आणि पुढे अगम्य अक्षरं असलेला फोल्डर उगवला, त्यात '०' नावाची फाइल, आणि क्षणात दोन्ही गेलं. बाहेरच्या कमांडला मजकूर देताना विम आधी तो तात्पुरत्या फाइलीत लिहितो, मग ती फाइल कमांडपुढे धरतो. माझ्या विममध्ये तीच पद्धत चालू होती. शेलटेम्प ही सेटिंग बंद केली की तो खऱ्या पाइपने देतो. म्हणजे पाइप वापरतेय म्हणून मी निश्चिंत होते आणि तो दर वेळी डिस्कवर एक फेरी मारून येत होता.

"श्रेड कर ना," भाचा म्हणाला. श्रेड म्हणजे पुसण्याआधी फाइलीवर तीन वेळा काहीबाही लिहून तिचा मजकूर बुजवणारं साधन. जुन्या फिरत्या डिस्कवर ते बऱ्यापैकी काम करतं. पण ते बुजवतं तुमच्या हातात असलेली फाइल. एडिटरने आधीच सोडून दिलेल्या तीन 'घर' कुठे आहेत हे त्याला कोण सांगणार? आणि माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क. तिथे 'याच जागी लिही' म्हटलं तरी आतला कंट्रोलर झीज सारखी व्हावी म्हणून दुसऱ्याच जागी लिहितो. जुनी जागा कधी साफ होईल ते त्याच्या मर्जीवर. श्रेडच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच हा इशारा आहे. मी तो वाचला नव्हता, तीन हा आकडा तेवढा आवडला होता.

मग उलट्या बाजूने विचार केला. डिस्कला स्पर्शच नको. लिनक्समध्ये एसएचएम नावाची जागा असते, दिसते फोल्डरसारखी पण असते रॅममध्ये. साधारणपणे निम्म्या रॅमपर्यंत वापरता येते आणि मशीन बंद केलं की रिकामी. पासवर्ड ठेवणारं 'पास' हे साधन संपादनासाठी नेमकी हीच जागा वापरतं, आणि ती नसेल तर 'साधी फाइल पूर्ण पुसणं अवघड जाईल' असं आधीच बजावतं. ज्याने हे लिहिलं त्याला गव्हाचे डबे माहीत असणार. इथेही एक खाच आहेच. रॅम कमी पडली की लिनक्स तिथला मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, नेऊन ठेवू शकतं. हायबरनेट, म्हणजे काम आहे तसं जपून मशीन बंद, केलं तर अख्खी रॅमच डिस्कवर. माझ्या शोधात एक 'गुळपापडी' स्वॅपमध्येच मिळाली होती. त्या दिवशी ब्राउझरच्या तीसेक टॅब उघड्या होत्या.

शेवटी जे ठरलं ते असं. नवा लॅपटॉप पुन्हा मांडला, पूर्ण डिस्क लक्स या लिनक्सच्या डिस्क-कुलपाने एन्क्रिप्ट करून, स्वॅप त्याच्या आत, हायबरनेट बंद. मग कुणी म्हणेल 'घर'ला वेगळं कुलूप कशाला? कारण लॅपटॉप चालू असताना लक्सचं दार उघडंच असतं. बॅकअप घेणारा प्रोग्राम आतली साधी प्रत बिनदिक्कत उचलून बाहेरच्या डिस्कवर नेतो. माझ्या बॅकअप डिस्कवर नागमोडी रेघेवाली एक प्रत निघालीच, २०२१ची.

आणि विममध्ये जीपीजीचं प्लगिन, म्हणजे एक छोटी जोडणी, बसवलं. एन्क्रिप्टेड फाइल सरळ उघडायची. प्लगिन तिला स्मृतीतच उलगडतं, त्या बैठकीपुरत्या स्वॅप फाइल, विमइन्फो, अनडूची फाइल तिन्ही बंद ठेवतं, मघाची शेलटेम्पसुद्धा. नेहमीसारखं जतन केलं की एन्क्रिप्ट होऊनच लिहिलं जातं. म्हणजे माझ्या बोटांची सवय आता माझ्याच बाजूने. भाचा ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाला. तो ऐटीत म्हणाला की आमच्याकडे हे आवृत्ती २३ पासून आतच आहे, वेगळं काही लागत नाही. लागत नसेल. मला तेवढ्यासाठी ईमॅक्स शिकायचं नाही.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. जीपीजीचा एजंट, म्हणजे त्याचा मागे चालणारा मदतनीस, पासफ्रेज दहा मिनिटं लक्षात ठेवतो, आणि मधे वापरली तर पुन्हा दहा, जास्तीत जास्त दोन तास. काम झालं की मी त्याला विसरायला लावते. दुसरं, विममधून माऊसने नंबर उचलून बँकेच्या पानावर डकवणं. माझ्या डेस्कटॉपवर क्लिपबोर्डचा इतिहास जपणारं एक खेळणं होतं, ते काढून टाकलं. नंबर आता बघून टाइप करते. एकदा चुकला, बँकेने परत पाठवला. चालेल.

जुन्या लॅपटॉपची डिस्क आम्ही पेन ड्राइव्हवरून उबंटू चालवून या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरली. पाचशे जीबीला दोन तासांच्या आत झालं. फिरती डिस्क असल्याने एक फेरी पुरे. तेवढ्यात आम्ही जेवलो, आईने भाच्याकडून बटाटे सोलून घेतले आणि लॉकरच्या किल्लीची नवी जागा मला कानात सांगितली. त्याला नाही. मग त्याने फोटोरेक परत चालवलं, एकही फाइल निघाली नाही. बॅकअपची डिस्कही तशीच धुतली. जे बदलण्यासारखं होतं ते सगळं बदललं, नेट बँकिंगचे पासवर्ड, एटीएमचा पिन. खाते नंबर आहेत तेच आहेत.

नोव्हेंबरात आईचा हयातीचा दाखला झाल्यावर 'घर'मध्ये पुन्हा नोंद करायची होती. मी परीक्षाच घेतली. नवा शब्द 'आंबोळीसत्तावन्न' घातला, टेम्प आणि घरच्या फोल्डरवर पहारा लावला, नोंद केली, जतन केलं. पहाऱ्यात दिसली ती फक्त एन्क्रिप्टेड फाइल. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्सच्या आतल्या बाजूने अख्खी डिस्क धुंडाळायला लावली आणि कॉलेजला गेले.

परत आले तर पडद्यावर एक ओळ. आंबोळीसत्तावन्न, सापडला. पोटात गोळा. आजूबाजूचे बाइट वाचले, आणि ओळखीचं वाटलं. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी मी शोधाची कमांड एकदा चालवून अर्धवट थांबवली होती, आणि कमांडच्या आधी एक मोकळी जागा सोडायची, म्हणजे ती इतिहासात जात नाही, हे विसरले होते. ग्रेपला सापडली होती ती ग्रेपचीच कमांड.

भाच्याला फोन करून सांगितलं. तो हसायला लागला, मग म्हणाला, "मावशी, ते सोड. किल्ली कुठे ठेवलीये?"